एक किलो तीनशे चाळीस

बरणी मूळची मुरंब्याची.
लेबलावरची आंब्याची फोड अजून निम्मी शाबूत.
ह्यांनी झाकणाला दाभणानं भोक पाडलं,
सुई जाईल एवढं, बोट जाणार नाही एवढं,
आणि चिकटपट्टीवर लिहिलं: हात लावू नये.
खाली सही, तारीख.
जन्मभर जकात नाक्यावर काढलेला माणूस,
सहीशिवाय काही पुढे जाऊ द्यायचा नाही.

त्याआधी आम्ही सुया पेपरात गुंडाळायचो.
कांद्याच्या सालांखाली, ओल्या डब्यात.
कुणी विचारलं नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं.
मग एका मंगळवारी
कौसल्या जिन्यात बसलेली दिसली
अंगठा मुठीत धरून.
रक्त म्हणाल तर मोहरीएवढं.
"काय टोचलं, वैनी, कळंना."
आम्हाला कळलं होतं.

सहा महिने तिच्या तपासण्या चालल्या.
हे दर वेळी सोबत जायचे,
दवाखान्याच्या बाकावर दोघांच्या मधे
आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.
शेवटचा कागद आला तेव्हा ती दारातूनच म्हणाली,
"काय नाय निघालं."
बरणी त्याच संध्याकाळी
ह्यांनी धुऊन, पुसून, उन्हात वाळवली.
कौसल्या मात्र आमच्याकडे पुन्हा
चहाला थांबली नाही.

आता बरणी निम्म्याच्या वर भरली आहे
आणि यापुढे भरायची नाही.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
मी लोकांना लोकांशी जोडून दिलं.
आज मुलुंडच्या या खोलीत मीच
मोबाइलवरचा फॉर्म भरत बसले आहे.
कचऱ्याचा प्रकार निवडा.
तीक्ष्ण. वापरलेले. मुदत संपलेले.
मी तिन्हींवर खूण केली.
फ्रिजमध्ये विरजणाशेजारी दोन पेनं आहेत,
त्यांची मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे.
माणूस मेमध्ये गेला.
घरातील रुग्णांची संख्या:
पुढे लाल चांदणी, रिकामं सोडता येत नाही.
मी शून्य टाकलं. फॉर्म घेईना.
एक टाकलं. घेतला.

शुक्रवारी गाडी आली.
सोपान नावाचा मुलगा, कोपरापर्यंत हातमोजे,
पिवळी पिशवी झटकून उघडतो
जशी आपण उशीला खोळ घालताना.
लघवीच्या पिशव्या, पट्ट्या, कापूस,
अंथरुणात घालायच्या चड्ड्यांचं उरलेलं उघडं पाकीट.
"काचेची बरणी वेगळी द्या, आजी. पिशवीत नको.
झाकण घट्ट आहे ना?"
घट्ट आहे. ह्यांनी लावलेलं.
मला कधी उघडलंच नाही ते.

कौसल्या खालच्या पायरीवर केर ओढत होती.
थांबली. बरणीवरचं वाचलं,
एकेक अक्षर जोडत, ओठ हलवत:
हात, लावू, नये.
"साहेबांचं अक्षर लई सुबक," म्हणाली,
आणि झाडू या हातातून त्या हातात घेतला.

सोपाननं आकडीच्या काट्यावर सगळं टांगलं.
एक किलो तीनशे चाळीस.
पावती फाडता फाडता विचारलं,
"पेशंट बरे झाले का?"
माझ्या तोंडून निघालं,
"हो. सुया बंद झाल्या."
"मग बेस," तो म्हणाला. खरंच आनंदला.
त्याला खोटं बोलले असं
मला अजूनही वाटत नाही.

अस्थींचा कलश कुणी तोलला नव्हता.

पावती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली,
वीजबिलांच्या आणि त्यांच्या चष्म्याच्या मधे.

काल त्यांची करडी पँट द्यायला काढली
तर चोरखिशात एक सुई.
टोपणासकट.
बाहेरगावी कुठेतरी लग्नात टोचून घेतली असेल
आणि फेकायला धड जागा सापडली नसेल,
म्हणून घरी आणलेली.

पुढची गाडी शुक्रवारी.
आज शनिवार.
चहाच्या डब्यात ठेवली आहे, रिकाम्या.
पट्टी चिकटवून लिहिलं: हात लावू नये.
सही करताना क्षणभर कळेना,
कुणाची करू.