तिकडचं हवामान

जब्बारने गच्चीवर तबकडी ठोकली
आणि माझगावला आमच्या पोर्ट ट्रस्टच्या इमारतीत
महिना शंभर रुपयांत विलायत आली.
बारा नंबरला. थोड्या मुंग्यांसकट.

संध्याकाळचे सात. आई भाकरीचं पीठ मळतेय
आणि पडद्यावरची बाई म्हणते, शुभ दुपार.
विजू बोटांवर साडेपाच तास वजा करायची,
उत्तर दर वेळी वेगळं.

आधी बाग.
गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक म्हातारा
अर्धा तास एकाच गुलाबाशी बोलत,
त्याला कात्री लावत.
आमच्याकडे रंगाच्या डब्यात ओवा होता.
आई म्हणाली, एवढी जागा,
आणि एक जुडी कोथिंबीर नाही?

मग विनोदी. जिना, सोफा, दारावरची घंटा,
नको त्या वेळी आलेला शेजारी.
न दिसणारी माणसं हसायची,
त्यांच्या अर्धा श्वास मागून आप्पा,
मागच्या बाकावरच्या पोराने पाढा म्हणावा तसे.
आप्पांकडे बघून आम्ही.
भिंतीपलीकडे फिलोमिना रिबेलो सगळ्यांच्या आधी.
तिला शब्द कळायचे,
म्हणून विनोद कुठे आहे ते आम्हाला
भिंतीतून कळायचं.

मग खून.
हिरवंगार गाव, दगडी चर्च, सगळे इतके सभ्य
की मेलेलाच उद्धट वाटावा.
इन्स्पेक्टर कुणावर हात उचलत नाही,
टोपी काढतो, चहा घेतो, आभार मानतो.
खालचे हवालदार घोसाळकर जेवण टाकून बघायला यायचे.
मग कबूल कसं करतात हो? ते विचारायचे,
अगदी मनापासून, काळजीने.

त्याच भागात एक बाई
फेसातून ताटं काढून तशीच उभी करून ठेवत होती.
आई पिठाच्या हातांनी पुढे आली.
विसळली नाहीत, ती म्हणाली.
खुनी कोण ते तिला कधीच आठवलं नाही.
ताटं आठवली.

आणि शेवटी हवामान.
तेव्हा आप्पा हात वर करायचे. गप्प.
पंखासुद्धा जरा हळू फिरायचा असं वाटे.

वाकून बसलेल्या म्हातारीसारखा नकाशा,
तिच्या पाठीवर, कुशीवर चिकटवलेले ढग.
आणि ती नावं.
हल. टिलबरी. लिव्हरपूल. ग्लासगो.
एकतीस वर्षं इंदिरा डॉकवर टॅली क्लार्क म्हणून
खोक्यांवरची हीच काळी अक्षरं त्यांनी
वहीत उतरवली होती,
उन्हात, कानावर पेन्सिल,
एकाही गावाचा चेहरा न बघता.
मग माल न्हावा शेव्याला गेला,
लोखंडी पेट्यांवर नुसते आकडे आले,
आणि आप्पा घरी आले
स्वेच्छेने, असं कागदावर होतं.

आता ते बघायचे, त्या नावांवर पाऊस पडतोय.
हलला आज काम बंद, ते म्हणायचे.
कुणाला म्हणायचे?
आम्ही तर घोट्यांवर डोकं ठेवून पेंगत असू.
ग्लासगोला दोन दिवस झाले, ताडपत्री टाकली असेल ना?

पुढच्या दिवाळीत जब्बारने बारा नंबरला
चोवीस तास सिनेमाची गाणी सोडली.
इमारतीचं बहुमत होतं, त्याचाही इलाज नव्हता.
आप्पांनी आठवडाभर सात वाजता
बटण दाबून पाहिलं,
मग चष्मा पुसून फुलदाणीशेजारी ठेवला.
फिलोमिना सातला हसेनाशी झाली.
घोसाळकर जेवण संपवूनच वर यायचे, पत्ते खेळायला.

कालच, इतक्या वर्षांनी,
मी फोनवर बोलताना मागे नळ वाहत होता.
आई म्हणाली, भांडी घासतेयस?
आणि जरा थांबून,
काय गं, त्या बाईने
विसळली असतील का शेवटी?