पाचवा टेक

थेल्मा ओस्ट्राइख हे नाव पोस्टरवर मावायचं नाही, म्हणाले.
लोरेन व्हेल मावलं.
कपाळावरचे केस विजेच्या सुईने एकेक जाळून
कपाळ बोटभर मागे सरकवलं,
आणि नॉर्थ डकोटाच्या गव्हातून सोबत आलेला
जर्मन वळणाचा 'व' खरवडून काढला जिभेवरून.
सात वर्षांचा करार. आठवड्याला पंचाहत्तर डॉलर.
हसताना खालचे दात दाखवायचे नाहीत.

मरण्यात ती तरबेज निघाली.
अकरा सिनेमांत अकरा वेळा, तिसऱ्या रिळाच्या आत.
जिन्यावरून, तळ्यात, एकदा तर नुसतीच टेलिफोनवर.
नायक टोपी काढायचा
आणि पुढच्या दृश्यात दुसरीबरोबर जेवायचा.
गावी आई तिकीटवाल्याला विचारून ठेवायची,
कितव्या मिनिटाला मरते?
तेवढं बघून धारा काढायला घरी.

त्रेपन्न सालच्या एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
तिला कापसाने मढवलेल्या खोलीत उभं केलं.
किंकाळी हवी होती, चेहरा नको.
हार्लन ट्वीड काचेपलीकडून म्हणाला, साप आहे समज.
सापाची जमली नाही. खुन्याचीही नाही.
चौथ्या टेकला हार्लनने घड्याळ पाहिलं.

पाचव्याला तिने डोळे मिटले
आणि धान्याच्या कोठारात उतरली.
ऑटो सहा वर्षांचा.
गहू खाली सरकत होता, पायाखालून, सावकाश,
आधी गुडघे, मग सदऱ्याची बटणं,
मग नुसती टोपी.
ती वर शिडीवर, नऊ वर्षांची, तोंड सताड उघडं
आणि आवाज नाही.
बाप भिंतीपलीकडेच होता, घोड्यांना पाणी पाजत.

हार्लनने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.
मग साडेबारा डॉलरची पावती.

चेहरा पस्तिशीत संपला, करार त्याही आधी.
किंकाळी स्टुडिओची, ती तरुण राहिली.
मंगळावरच्या राणीच्या तोंडी, दरोड्यात सापडलेल्या मास्तरणीच्या,
एकदा म्हणे घोड्याच्यासुद्धा.

हे सगळं तिने मला सांगितलं
बेकर्सफील्डच्या लॉन्ड्रीत, कोटांना चिठ्ठ्या टाचताना, एकदाच.
नाव तोवर पुन्हा थेल्मा, 'व' पुन्हा वाकडा.

शुक्रवारी रात्री ती आमच्याकडे टीव्हीला यायची.
कुठलीतरी बाई मेणबत्ती घेऊन जिना उतरते,
दार ढकलते,
आणि माझी पोरं उशीत तोंड खुपसून खिदळतात.
थेल्मा विणकाम हातात तसंच धरून
खुर्चीतून अर्धी उठते, दर वेळी,
पलीकडच्या खोलीत मूल जागं झाल्यावर
कुणी उठावं तशी.

मग साबणाची जाहिरात लागते.
ती बसते.
कितवा टाका होता, मला विचारते,
जसं काही मी मोजत होते.