आंबोण

आर्केडियाच्या खाली अकरा मैल,
पाल्मेटोच्या झुडपांपलीकडे ओरिन टकरचं कुरण.
ऑगस्टात इथलं बहिया गवत गुडघ्याला लागतं,
हिरवंगार, पाण्यानं फुगलेलं,
आणि सत्त्व म्हणाल तर नावाला.
वासरू दिवसभर चरतं,
पोटाचा नगारा होतो,
फासळ्या मात्र लांबून मोजता येतात.

मी त्यासाठीच येते, फ्लोरिडाच्या या कोपऱ्यात,
विद्यापीठाच्या पांढऱ्या पिकअपमधून,
दर अठ्ठावीस दिवसांनी, वजनकाटा घेऊन.
बत्तीस कालवडी, नुकत्या दूध तुटलेल्या.
सोळा जणींना सरकीची पेंड आणि मळी,
सोळा जणींना नुसतं गवत.
मध्ये पाच तारांचं कुंपण.
त्याला आम्ही प्रयोग म्हणतो.

मळी येते तळ्याकाठच्या साखर कारखान्यातून.
टँकरची झडप उघडली
की तो जड, आंबूस, काळा वास,
आणि मी कराडच्या अलीकडे कुठेतरी
एसटीच्या खिडकीत, नाक दाबून.

ओरिननं विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?
म्हटलं, आंबोण.
‘अँबोन,’ तो म्हणाला, आणि तंबाखू थुंकला.
तेव्हापासून रोज सकाळी बादली बडवत
‘अँबोन! अँबोन!’
आणि त्या वशिंडं हलवत पळत यायच्या.
ही वशिंडं त्याच्या आज्यानं टेक्सासातून आणली,
एक वळू, रेल्वेच्या डब्यातून.
त्याच्या आधी?
त्याच्या आधी जहाज, मी म्हटलं.
त्याला ती थट्टा वाटली.

चारशे सतरा नंबरची नुसत्या गवतातली.
कान फाटका, डोळ्याभोवती काजळ सांडल्यासारखं.
बादली वाजली की ती कुंपणाशी येऊन उभी राही,
हंबरत नसे.
नुसती बघे.
मी वहीत डोकं खुपसून आकडे लिही.

नोव्हेंबरात शेवटचं वजन.
पेंडवाल्या: दिवसाला अर्धा किलो, थोडं वरच.
गवतवाल्या: पाव किलो, तेही ओढूनताणून.
चारशे सतरा: पाऊण.
काटा दोनदा शून्यावर आणला.
पाऊणच.

मग मुंग्या दिसल्या.
तांबड्या, चावऱ्या, एका ओळीत
मळीच्या टाकीपासून निघालेल्या,
तारांखालून पलीकडे,
एका खुंटापाशी, जिथं माती काळी आणि चिकट,
आणि चाटून चाटून गुळगुळीत झालेली.

ओरिन फाटकाची कडी घासत बसला होता,
गंज नव्हता तरी.
‘ओरिन, प्रयोग होता.’
‘हो ना,’ तो म्हणाला, ‘एकतीस जणींवर झाला की.’

संध्याकाळी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून
सोळाचे पंधरा केले.
खाली बारीक अक्षरात टीप:
एक जनावर वगळले,
कारणाचा आहाराशी संबंध नाही.

खोडावंसं वाटलं.
संबंध नाही कसा?
पण त्या रकान्यात दुसरं काही मावत नव्हतं.

घरी पोचले तर उजव्या बुटाला मळी,
आणि पायपुसण्यावर दोन मुंग्या,
एवढ्या लांब आलेल्या,
अजून वाट शोधत.