येतो

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
मी चर्चमागच्या हॉलचं कुलूप उघडते,
हीटर लावते, किटली लावते,
आठ खुर्च्या मांडते. आठ कधीच भरत नाहीत.

दारावरच्या कागदावर लिहिलंय: घरी परत या.
फादर ओबिनांनी लिहिलं, मी चिकटवलं,
पण ते मला तितकंसं पटलेलं नाही.
मॉरीन पहिल्याच दिवशी म्हणाली,
मी गेले कुठं होते? फक्त यायची थांबले.

मी स्वतः सात वर्षं थांबले होते.
लोक कारण विचारतात,
काहीतरी मोठं ऐकायला मिळेल म्हणून.
रात्रपाळी होती. रविवारी झोप लागायची.
एक मिस्सा चुकली,
मग गासला आईशी फोनवर खोटं बोलले,
मग त्या खोट्याचीच सवय झाली,
आणि बॅरोच्या खाऱ्या वाऱ्यात सात हिवाळे निघून गेले.

म्हणून मी कुणाला उपदेश करत नाही.
बिस्किटं पुढं करते.

जेरार्ड किनसेला आला नोव्हेंबरात.
वय अठ्ठ्याहत्तर,
गोदीत पाणबुड्यांचे पत्रे जोडण्यात हयात गेलेली.
तीन मंगळवार तो फक्त हीटरच्या खडखडाटाबद्दल बोलला.
चौथ्या मंगळवारी कोटाच्या खिशातून पाना काढून
गुडघ्यांवर बसला,
आणि पाठ आमच्याकडे ठेवून सांगू लागला.

बाहत्तर साली मुलगी झाली. रडली नाही.
तेव्हाचे फादर म्हणाले, बाप्तिस्मा नाही,
तिला आपल्या जमिनीत जागा नाही.
हॉस्पिटलनं कुठं पुरलं, विचारलं नाही मी.
म्हणजे, धीर झाला नाही.
बायको येत राहिली इथं.
मी तिला दारापर्यंत सोडायचो,
आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचो.
एक्केचाळीस वर्षं.
ती गेली तेव्हाही तिच्या मिस्साला
मी गाडीतच होतो.

मला बोलायचं होतं. मी प्रसूतीच्या वॉर्डात काम करते.
अशी बाळं या हातांनी पुसली आहेत,
त्यांना टोपी घातली आहे,
वजन लिहून ठेवलं आहे, ग्रॅममध्ये, नीट.
पण जिभेवर येत होतं ते सगळं उत्तरासारखं,
आणि त्यानं प्रश्न विचारला नव्हता.

फादर ओबिना उठले,
त्याच्या शेजारी फरशीवर बसले.
ते चुकलं, म्हणाले. आमचं चुकलं. मला क्षमा करा.
कुमसार असा उलटा होताना मी कधी पाहिला नव्हता.
मी कप धुवायला गेले. कप स्वच्छ होते.

चर्चमध्ये मागे, पवित्र पाण्यापाशी,
नोव्हेंबरभर एक वही असते
मेलेल्यांची नावं लिहायला.
नाव ठेवलं होतं का, फादरांनी विचारलं.
ठेवलं होतं, पण कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.
मोठ्यानं तर तेव्हाही नाही उच्चारलं.
त्यानं लिहिलं, पत्र्यावर खडूनं खूण करावी तसं,
एकेक अक्षर सुटं, ठसठशीत:
विनिफ्रेड किनसेला.
आणि वहीवर थोडी फुंकर मारली,
बॉलपेनची शाई वाळवायची नसते तरी.

तो मिस्साला थांबला नाही.
टोपी घातली, बरं, जातो, म्हणाला.
माझ्या तोंडून निघून गेलं,
आमच्याकडे जाताना जातो म्हणत नाहीत.
मग काय म्हणतात?
येतो.
येटो, तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. येटो.
जायचं असतं तेव्हा?
हो, जायचं असतं तेव्हाच.

आज मंगळवार. आठ खुर्च्या मांडल्या आहेत.
हीटर आता खडखडत नाही,
त्यामुळे बाहेर रेतीवर पाय वाजला
तर लगेच ऐकू येतं.
अजून वाजलेला नाही.
किटली मात्र मी लावली आहे.