एकोणचाळिसावी तिकडी

सामुगेओ गावात बोनारिया मागावर बसते
तेव्हा मूळ नक्षी तिच्यासमोर नसते.
ती सहकारी संस्थेच्या कपाटात, कुलपाआड.
हिच्या हाती असते चौकटींच्या कागदावर उतरवून घेतलेली नक्कल,
कडेला कॉफीचा डाग.
चुरगळली तरी चालते, काम झालं की चुलीत.

अगदी असंच, म्हणाली डॉक्टर गाविना देइआना,
आणि रिपोर्ट उलटा करून त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं काढू लागली.
हाडांच्या पोकळीत, मज्जेत,
पेशीपेशीत असंच एक कपाट आहे.
त्यातला ग्रंथ बाहेर जात नाही.
एक एन्झाइम येतं, दोन धाग्यांचा पीळ थोडा सैल करतं,
लागेल तेवढाच मजकूर उतरवून घेतं.
मग मधला पाल्हाळ कापायचा, टोकाला टोक जोडायचं,
आणि ती नक्कल केंद्रकाच्या बारीक दारातून
बाहेर सरकते.

बाहेर रायबोसोम.
त्याला अक्षरं कळतात, अर्थ नाही.
तीन अक्षरं वाचतो, थांबतो, पुढची तीन.
प्रत्येक तिकडीचा हमाल ठरलेला,
हमालाच्या पाठीवर एकच मणी:
व्हॅलिन. हिस्टिडिन. ल्युसिन. थ्रिओनिन. प्रोलिन.
असे एकशे सेहेचाळीस.
मग माळ आपली आपण दुमडते,
दुमडता दुमडता तिच्या कुशीत
लोहाच्या एका कणापुरती जागा होते.
आणि सगळं साधलं की पेशी
तो ग्रंथच, केंद्रकासकट, बाहेर टाकून देते.
वाचून झालेलं कोण वागवणार?
तिला आता फक्त श्वास वाहायचा असतो.

बोनारियानं पेन्सिलीवर बोट ठेवलं.
आणि माझ्या अंतिओकोचं?

एकोणचाळिसावी तिकडी.
तिच्यात एक अक्षर. सीच्या जागी यू.
ग्लुटामिन आण, असं सांगणारी तिकडी
आता म्हणते, पुरे.
रायबोसोम हुज्जत घालत नाही.
अर्धी माळ हातातून सोडून देतो.

(मी हे ज्या भाषेत लिहिते आहे
तिच्यात थेंब लिहायला जावं
आणि मात्रेच्या जागी काना पडावा,
तर थांब होतं.
एवढंच. एका काडीची जागा.)

नुसती चूक म्हणू नका, गाविना म्हणाली.
खाली ओरिस्तानोच्या दलदलीत डासांचं राज्य होतं
तेव्हा ज्यांच्या दोन प्रतींपैकी एकीतच ही खोट होती
ती माणसं तापातून तगली.
त्यांच्यातूनच तुम्ही आलात. तुमचा नवराही.
पोराला मात्र दोघांकडून तीच प्रत मिळाली.

बोनारिया बराच वेळ बोलली नाही.
मग विणकरणीच्या रागानं म्हणाली,
माझी ओळ चुकली तर मला दिसते.
कापड समोरच असतं, मी उसवते,
पुन्हा विणते, रात्र झाली तरी.
तुमच्या त्या विणकराला डोळे नाहीत?

गाविनानं पेन्सिल खाली ठेवली.
नाहीत, म्हणाली.

दर तीन आठवड्यांनी सकाळची बस.
अंतिओको खिडकीशी बसून मेंढ्या मोजतो,
ओरिस्तानो यायच्या आधी झोपून जातो.
वॉर्डात पिशवी लटकते,
तिच्यावर नाव नसतं, नुसता आकडा.
समुद्रापलीकडच्या कुणाच्या तरी मज्जेत
कधीतरी शेवटपर्यंत वाचला गेलेला मजकूर,
अख्ख्या माळा, कोट्यवधी,
नळीतून उतरत राहतात.
बोनारिया मोजते. सवयच ती, धागे मोजण्याची.
छत्तीस, सदतीस, अडतीस,
एकोणचाळीस,
इथे ती श्वास धरते,

चाळीस.