अक्कलदाढ

तुरुंगाच्या दवाखान्यात सोमवारी डोळे,
बुधवारी पाय.
मंगळवारी मी, दातांची डॉक्टर.

खुर्चीच्या हाताला साखळीसाठी कडी आहे.
खिडकीतून पेनसिल्वेनियाची एक टेकडी दिसते,
कोळसा काढून झालेली,
आतून पोकळ, वरून हिरवीगार.

ओडेल प्रुइट. वय एकोणीस.
गाल सुजून टम्म. आ कर, म्हटलं.
खाली डावीकडे, अगदी मागे,
हिरडी फाडून एक पांढरं टोक वर येत होतं.

कागद मी वाचायला नको होते.
पंधराव्या वर्षी हा दुकानाबाहेर उभा होता,
कोणी येतंय का ते बघायला.
आत मावसभावाने गोळी झाडली.
याने फक्त आवाज ऐकला
आणि हातातलं सरबत तिथेच टाकून पळाला.
दुकानदाराचं नाव कोवाल्चिक. तीन मुली.
तेही कागदात आहे, तेही मी वाचलं.

शिक्षा: मरेपर्यंत. पॅरोल नाही.
खाली न्यायाधीशांचं एक वाक्य,
की मुलाला आपण काय करतोय
याची पुरेपूर अक्कल होती.

दाखल झाला तेव्हाचा एक्स-रे
मी दिव्यासमोर धरला.
त्या जागी हाडात एक धुकट ठिपका,
मूळ न फुटलेलं बी.
आणि वरच्या बाजूला, उजवीकडे,
एक दुधाचा दात, अजून न पडलेला.

इंजेक्शन दिलं. थांबलो.
हिला काय म्हणतात, त्याने विचारलं.
मी सांगितलं. इंग्रजीतही नाव जवळजवळ तेच.
तो अर्ध्या बधिर तोंडाने हसला:
आत्ता आली होय?

दाढ आडवी होती. चाळीस मिनिटं लागली.
त्याने खुर्ची घट्ट धरली, कडी वाजत राहिली,
पण हूं की चूं नाही.

मला देता? त्याने कापसातून विचारलं.
गार्डने मान हलवली. टणक वस्तू, नियमात बसत नाही.
आम्ही लहानपणी पडलेला दात कौलावर फेकायचो.
मी ही डब्यात टाकली, झाकण लावलं,
नोंदवहीत लिहिलं: एक, नष्ट.

बाकीचे टिकतील ना, तो म्हणाला.
नीट घासलेस तर साठ वर्षं,
मी सगळ्यांना सांगते तसं सांगून गेले,
आणि जीभ चावली.

गार्डने कडी सोडली.
बाहेर पुढचा नंबर पुकारला.