जिना

स्टॉर्नोवेच्या इस्पितळात इशबेलनं तीनदा सांगितलं,
जिन्यावरून पडले.
घर तिचं बैठं.
विचारलं नाही कुणी.

चर्चमागच्या हॉलमध्ये मंगळवारी मी अकॉर्डियन वाजवते.
पाच आठवडे ती चहाच्या भांड्यापाशी,
अंगात कोट तसाच.
मग एकदा बुटाचं टोक हललं.

हात धरायचा नाच आला तेव्हा
तिनं उजवा दिला.
डावं मनगट, वाकडं जुळलेलं, पाठीमागे.
म्हाताऱ्या मर्डिनानं कोपरात कोपर अडकवलं:
"राहू दे गं मनगट,
गिरकी कोपरानंही घेता येते."

आज कोर्टाच्या पायऱ्यांवर आम्ही बावीसजणी.
वारा असा, की सूर पळतायत समुद्राकडे.
वरून इशबेल नाचत उतरतेय,
पायऱ्या मोजत, मोठ्यानं.
आतून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

अकरा.
बारा.
पडली नाही.